विहीणबाई, बाथरूम होतंय

सामरवरणी, सिल्वासा
९ फेब्रुवारी १९९७

उषाताई विहीणबाई,

तुमचं पत्र पोचलं. मुकुंद मोठ्याने वाचत होता, दोन ओळी झाल्या आणि गप्पच झाला. म्हणून मी त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि स्वतः वाचलं. मी दुसरीपर्यंत गेलेली बाई, पण टोमणा मला लांबूनही वाचता येतो.

तुम्ही लिहिता, "तुमच्याकडे आंघोळीची काय सोय आहे ती आम्ही बघितलीय. त्यात बाळ तान्हं. कसं काय करायचं ते आता तुम्हीच बघा." बघते हं. अंजली दिवाळीत तुमच्याकडे बाळंतपणाला आली. पोर झाली, बारसं झालं, सव्वा महिनाही उलटला. संक्रांतीचा तिळगूळ पोस्टाने आला, सून आली नाही. म्हणजे घरात बाथरूम झाल्याशिवाय लेक पाठवायची नाही, असंच ना? मग तसं सरळ लिहायचं होतं. कागद तेवढाच लागला असता.

अंजली दोन वर्षं या घरात राहिली ती काय पारोशी राहिली? मागच्या अंगणात न्हाणी आहे. वर पत्रा आहे, बसायला दगड आहे, चुलीवर हंडा आहे. संडास कडेला आहे, त्यात बादली भरलेली असते. आणखी काय पाहिजे माणसाला? आत जाऊन तिथे राहायचं थोडंच असतं.

तुमच्या पोटात काय सलतंय ते मला ठाऊक आहे. बारशाला आले तेव्हा मी तुमच्या संडासातली साखळी ओढली आणि वरून असं पाणी कोसळलं की मी लुगडं सावरत बाहेर पळाले. तेव्हा मी म्हणाले, "एका माणसाच्या बसण्याला एवढं पाणी? आमच्याकडे एवढ्यात वऱ्हाडाच्या आंघोळी उरकतात." म्हणाले ते खरंच म्हणाले. बायका हसल्या त्याला मी काय करू? त्या तुमच्याच नात्यातल्या होत्या.

असो. मुकुंदने बाथरूम घरात घ्यायचं ठरवलंय. मला विचारलं नाही, सांगितलं. कंपनीत सुपरवायझर झाल्यापासून तो घरातही सांगतोच. स्वयंपाकघरामागची माझी लाकडं ठेवायची खोली फोडणार. पैसे कुठून आणणार विचारलं तर म्हणतो, सोसायटी देते. आमची बोअर आटली, टँकरचा खर्च झेपेना, म्हणून कमिटीने फळ्यावर लिहिलंय की जो घरमालक संडासाला नि न्हाणीला कमी पाण्याची टाकी, नळ, शॉवर बसवील त्याला निम्मा खर्च परत. रिबेट म्हणतात त्याला. निम्मे परत आले तर बाथरूम जमतं, नाही आले तर चिंधा प्लंबरला काय देणार? म्हणजे तुमची लेक आणि माझी नात आता त्या रिबेटावर अडकल्यात.

पोरीची टाळू भरता ना नीट? तुमच्या नाशिकची हवा कोरडी.

आक्काबाई

*

२ मार्च १९९७

विहीणबाई,

उत्तर नाही तुमचं. नसू दे. भिंत फोडली हे कळवायला लिहिते. घरभर सिमेंट झालंय. चटणीतसुद्धा सिमेंट लागतं.

चिंधा आमच्याच अमळनेरकडचा आहे, म्हणून त्याला काम दिलं. सकाळी येतो, भिंतीला एक भोक पाडतो आणि चहा घ्यायला बसतो. म्हटलं, "चिंधा, तू भोकं पाडायला येतोस की चहा प्यायला?" म्हणतो, "आक्का, भोक पाडलं की चहा आपोआप आठवतो." अशी माणसं माझ्या नशिबी.

पण खरा घोटाळा वेगळाच. फळ्यावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती मुकुंदने वाचली नव्हती. रिबेट हवं असेल तर जुनी टाकी नि जुना शॉवर काढून कमिटीकडे जमा करायचा. आमच्याकडे जुनं कुठून यायचं? मी डोक्याला पदर बांधला आणि सेक्रेटरी रमाकांतभाईंकडे गेले. मुंबईचा माणूस, शर्ट नेहमी इस्त्रीचा.

"आजी, जुनी टाकी आणलीत?"

"नाही."

"मग शॉवर?"

"तोही नाही. आम्ही बादलीने आंघोळ करतो आणि संडासात बादलीने पाणी टाकतो."

"मग तुमच्याकडे पाणी वाया जातं कुठून?"

"जातच नाही."

"अहो, मग रिबेट कशाचं देऊ? जे वाया जात नाही ते तुम्ही वाचवणार कसं?"

मी म्हटलं, "म्हणजे ज्यांनी नळ मोकळा सोडून दाढ्या केल्या त्यांना बक्षीस? आणि मी अंग धुतलेल्या पाण्यात पायपुसणी धुते, मला ठेंगा?"

"नियम आहे, आजी. कमिटीने केलाय."

"कमिटीत कोण आहे?"

"मी आहे."

"मग कमिटीला सांगा, आक्काबाई येऊन गेली आणि काही चांगलं बोलली नाही."

घरी आले तर मुकुंद डोकं धरून बसलेला. चिंधा म्हणाला, "भाऊ, टाकी नसेल तर टाकी घ्या ना. भावेशच्या भंगारात ढीग पडलाय." आणि माझा लेक खरोखर गेला हो. संध्याकाळी हातगाडीवर लोखंडी टाकी घेऊन आला, साखळीची, अगदी तुमच्याकडे आहे तशी. बरोबर तो गुजराती भावेश. मला म्हणतो, "बा, एकदम सरस टाकी छे. पाणी तर असं सोडते की बस."

आमच्या संडासाला ती कधी लागली नाही. ती लागली होती असं सांगायचं, काढली असं सांगायचं आणि जमा करायची. वाया घालवलेलं पाणीही आता विकत आणायची पाळी आली. माझा नवरा वरून हे बघायला आला असता तर आल्या पावली परत गेला असता.

मुकुंदने भिंत फोडायच्या आदल्या दिवशी एसटीडीवरून तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. अंजली काय म्हणाली विचारलं तर म्हणतो, "ती म्हणाली, आईंना सांगा." म्हटलं, काय सांगा? म्हणतो, "ते मी नाही विचारलं, मागे रांग होती." असा हा सुपरवायझर.

आक्काबाई

*

३० मार्च १९९७

विहीणबाई,

होळी झाली. माझ्या घरात शिमगा अजून चालू आहे. आता जे लिहिते ते वाचून हसा खुशाल, तुम्हाला तेवढं तरी सुख.

ती टाकी मुकुंदने अंगणात ठेवली होती. कमिटी बघायला यायची होती, तिचा काही पत्ता नाही. रिकामी वस्तू नुसती बसलेली मला बघवत नाही. खाली भोक होतंच. मी तिच्यात माती भरली आणि धने पेरले. कोथिंबीर अशी आली म्हणता, खेरडीच्या बाजारात तशी मिळायची नाही. मुकुंद सकाळी जातो तो रात्री येतो, त्याने बघितलंही नाही. चिंधाने बघितलं, पण तो म्हणाला, "आक्का, चहात घालू नका म्हणजे झालं."

आणि रविवारी कमिटी आली. रमाकांतभाई आणि मागे दोघं. मुकुंदने घडी मोडून नवा शर्ट घातला, हात चोळत पुढे गेला. "ही आमची जुनी टाकी, साहेब. कालच काढली."

रमाकांतभाईंनी टाकीकडे बघितलं. कोथिंबीर वाऱ्यावर डोलत होती.

"काल काढली?"

"हो."

"आणि ही आजच उगवली?"

मुकुंद माझ्याकडे बघायला लागला. धने कधी पेरलेत ते कोथिंबिरीला लपवता येत नाही.

तेवढ्यात त्या दोघांतल्या एकाने खाली वाकून टाकीचं पोट बघितलं. तिथे निळ्या रंगात एक पोपट काढलेला आहे, लहान पोराच्या हातचा, चोच शेपटीएवढी. तो म्हणाला, "रमाकांतभाई, हा तुमच्या शंतनूने काढलेला पोपट ना? ही तर तुमचीच टाकी. सगळ्यात आधी तुम्हीच जमा केली होती."

रमाकांतभाईंचा चेहरा त्यांच्या शर्टासारखा पांढरा पडला. जमा झालेल्या टाक्या ते भावेशला विकत होते हो! भावेश त्या लोकांना विकत होता आणि लोक त्या परत जमा करत होते.

इथे मी तोंड मिटून बसायला हवं होतं, असं मुकुंद म्हणतो. पण मी तो पोपट आधी बघितला होता, दोन घरं सोडून ममताच्या ओट्यावर. तीही टाकी जमा करून रिबेट घेऊन बसली होती. माझ्या तोंडून गेलं, "अगोबाई, हा पोपट तर ममताकडेही होता. उडत उडत किती घरं फिरला म्हणायचा हा?"

ते दोघे हसत सुटले. रमाकांतभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "आजी, रिबेट नामंजूर."

"कशासाठी?"

"टाकीत माती आहे."

म्हटलं, "आणि तुमच्या तोंडात काय आहे?"

मुकुंदने मला दंडाला धरून आत नेलं. लहानपणी मी त्याला न्यायची तसं.

आक्काबाई

*

१३ एप्रिल १९९७

विहीणबाई,

पाडवा झाला. मुकुंदने श्रीखंड आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि न बोलता कामावर गेला. पोपटाच्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा बोलला, "आई, एक दिवस तुझी जीभ आवरली असतीस तर ती पोरीला घेऊन आली असती." मी म्हटलं, "तुझ्या टाकीत माती घातली म्हणून जीभ काढतोस माझी?" तर उठून गेला. ममताही बोलत नाही, तिचं रिबेट परत घेतलं म्हणून. कमिटीने रिबेटच बंद केलंय. रमाकांतभाईंनी सेक्रेटरीपद सोडलं. त्याचं वाईट वाटलं म्हणाल तर नाही वाटलं.

बाथरूमचं असं आहे. टाइल्स लावून झाल्या, कमोड बसला. लहान टाकी आहे, तिच्यात पाणी एवढंसं मावतं. शॉवर आहे. दाराचे पैसे नाहीत म्हणून दार नाही. चिंधाला उरलेले पैसे द्यायला मुकुंद राखोलीच्या कंपनीत दोन-दोन पाळ्या करतो. दाराच्या जागी मी माझं जुनं लुगडं बांधलंय.

मी बारशाला बोलले ते तुम्हाला झोंबलं असेल, झोंबू द्या. पण माझ्याशी भांडायचं तर माझ्याशी भांडा. पोरीला बाप असा महिन्यातून एकदा फोनवर भेटायचा का? तो रात्री येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. मी विचारलं, तन्वी आता कोणासारखी दिसते? म्हणतो, "मला काय माहीत." बापाने असं म्हणावं?

मसुराची डाळ दळून ठेवली होती, तान्ह्या पोरीच्या अंगाला लावायला. तिच्यात पोरकिडे झाले. टाकून दिली आणि परत दळली. कशाला दळली म्हणाल तर डाळ घरात पडून होती म्हणून.

आता एकच विचारते. अंजलीला काय हवंय ते तिच्या हाताने लिहायला सांगा. तुमच्या हातचं नको आणि टोमण्यात नको. शॉवर हवा असेल तर लागलाय. दार हवं असेल तर थोडं थांबा. यायचंच नसेल तर तेही लिहा. पण लिहा.

आक्काबाई

*

२७ एप्रिल १९९७

उषाताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून कपाळाला हात लावला. दुसऱ्यांदा वाचलं ते पहिल्यांदा नीट वाचलं की नाही बघायला. तिसऱ्यांदा मुकुंदकडून वाचून घेतलं, म्हणजे त्यालाही कळावं.

तुम्ही लिहिता, "बाथरूम मागितलं कोणी? आम्ही तर वाट बघत होतो. आमच्यात बाळ-बाळंतिणीला न्यायला सासू येते, नारळ-खण घेऊन. सव्वा महिना झाल्यापासून भगवंतराव रोज बसची वेळ बघून फाटकाशी उभे राहतात. तुम्ही काही आला नाहीत, म्हणून मी रागाने ते न्हाणीचं लिहिलं."

अहो, पण आमच्यात सासू जात नाही! आमच्या खानदेशात, निदान आमच्या घरात, माहेरची माणसं पाळणा घेऊन लेकीला पोचवायला येतात. माझ्या आईने मला अशीच पोचवली, माझ्या लेकीला मी अशीच पोचवली. मी इथे दाराशी बसून तुमच्या पाळण्याची वाट बघतेय आणि तुमचे यजमान तिथे फाटकाशी माझी वाट बघतायत! एकीने तरी विचारायचं होतं. मी नाही विचारलं कारण मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. तुम्ही का नाही विचारलंत? तुम्ही तर मॅट्रिक आहात.

आणि तो मुकुंद! "आईंना सांगा" म्हणजे "आईंना यायला सांगा" होतं. एक शब्द पुढचा विचारला असता तर भिंत फुटली नसती. मी त्याला म्हटलं, "रांग होती म्हणे! तुझ्या बायकोपेक्षा रांग मोठी?" तर आज इतक्या दिवसांनी हसला. बसला आणि हसतच राहिला, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मग उठून चिंधाकडे गेला, दाराचं विचारायला.

पत्राच्या तळाशी अंजलीने पेन्सिलीने लिहिलंय ते वाचलं. "आई, दार तेवढं लावून घ्या, बाकी मी येते." लुगडं चालणार नाही असं दिसतंय. चांगलं जाड लुगडं होतं.

आता रीत कोणाची धरायची? तुमची धरली तर आमच्या नातेवाइकांत नावं ठेवतील आणि आमची धरली तर पावसाळ्यापर्यंत बसाल. म्हणून मीच येते. आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आहे. आखाजीला लेक माहेरी असावी ही आमची रीत, ती तुमच्या अंगणातच होऊ दे. ती झाली की सोमवारच्या गाडीने येते, खानवेल-जव्हारच्या घाटाने. नारळ-खण आणते. पाळणा मात्र तुम्ही द्यायचा, तेवढं मी सोडणार नाही.

स्वयंपाकाचा घाट घालू नका. पिठलं-भाकरी करा. आणि भगवंतरावांना म्हणावं, फाटकाशी उभं राहू नका, मला घर ठाऊक आहे.

आक्काबाई

*

१८ मे १९९७

उषाताई,

सुखरूप पोचलो. घाटात अंजलीला मळमळलं, पोर मात्र पूर्ण वाट झोपून होती. पाळणा टपावर बांधला होता तो कंडक्टरने काढताना आपटला, एक कडी वाकली. तुमच्या पाळण्याच्या कड्या नाजूकच आहेत.

तन्वी मुकुंदसारखी दिसते. तो म्हणतो, नाही, अंजलीसारखी. दोन-दोन पाळ्या करून आलेला माणूस रात्रभर पोरीकडे बघत बसला. मी म्हटलं, झोप, ती कुठे पळत नाही. झोपला नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी अंजली त्या नव्या बाथरूममध्ये गेली. दार लावलं, कडी लावली. केस धुवायचे होते. मी बाहेर ओट्यावर पोरीच्या अंगाला डाळीचं पीठ लावत होते. जरा वेळाने आतून हाक आली, "आई!"

"काय गं?"

"पाणीच येत नाहीये."

"येतंय की. मला ऐकू येतंय."

"असं येतं का पाणी? घाम आल्यासारखं येतंय. साबण डोळ्यांत गेला."

तेच ते कमिटीच्या पसंतीचं, कमी पाण्याचं. तिचे केस तर तुम्हाला ठाऊक, कमरेखाली. मी पोरीला पाळण्यात टाकली, चुलीवरचा हंडा उतरवून बादलीत पाणी कालवलं आणि तांब्या घेऊन गेले. तिने कडी काढली. डोळे मिटून, डोकं पुढे करून ती त्या नव्या फरशीवर उकिडवी बसली. मी पदर खोचला आणि पाणी घातलं.

"आई, अजून एक."

"पुरे. निघाला साबण."

"एकच, आई. मानेवर."

घातला मानेवर. केस धुऊन निघाले आणि बादलीत पाणी उरलंसुद्धा. त्यात पोरीची दुपटी भिजवली.

आता मुकुंद म्हणतो तो शॉवर काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे, पैसे पडलेत त्याला, टॉवेल अडकवायला होईल.

पावसाळ्यानंतर तुम्ही दोघं या. बाथरूम घरातच आहे, दार आहे, कडी आहे. आत गेलात आणि पाणी पुरलं नाही तर हाक मारा. मी बाहेर ओट्यावर असते.

आक्काबाई